बेटाच्या टाकीतलं पाणी फिरावं, पळू नये

गेल्या पावसाळ्यात भाचीने हट्ट धरला म्हणून बेटा मासा आणला. निळा हाफमून, शेपूट उघडली की खरंच अर्धा चंद्र. टाकी दीड फुटाची, साधारण २८ लिटर, आत जावा फर्न, अनुबियास ही पाण्यातली झाडं, वर थोडी तरंगणारी पिस्टिया, आणि दुकानात दिला तो काचेला चिकटवायचा पॉवर फिल्टर, खोक्यावर लिहिलेलं ताशी ३०० लिटर. म्हणजे सगळी टाकी तासाला दहाहून जास्त वेळा फिल्टरमधून जाणार, आणि बेटासाठी तीन-चार वेळा पुष्कळ झालं. दोन दिवसांत मासा फर्नच्या मागे जाऊन बसला, पर मिटलेले, खायला टाकलेला दाणा पाण्याबरोबर गरगर फिरतोय आणि हा त्याच्या मागे जाऊन दमून परत येतोय. भाची म्हणाली, "मामा, ह्याला बरं नाय काय?" आजार नव्हता, तो दिवसरात्र पोहून थकला होता.

बेटा मूळचा थायलंडकडचा, तिथली भातखाचरं, पाणथळ जागा, गवत माजलेली उथळ डबकी हे त्याचं घर. शास्त्रीय नाव बेटा स्प्लेंडेन्स, १९१० मध्ये ठेवलेलं, आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. अशा कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो म्हणून ह्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्याघड्यांचा अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात त्याला, मासा वर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्यातून ऑक्सिजन रक्तात जातो. आपल्याकडचा मरळ पण हवा घेतो, त्याची रचना थोडी वेगळी, पण चिखलातल्या पाण्यात तगायची गरज तीच. आता हवेसाठी सारखं वर यायचंय आणि वरच जोराची धार चालू असेल तर प्रत्येक श्वासाला धडपड. कोकणात मिरगाच्या पावसात चढणीचे मासे बघितलेल्या माणसाला वाटतं की माशाला वाहतं पाणी आवडतंच, पण ते मासे वेगळे, त्यांचं अंग प्रवाह कापायला बनलंय. बेटाचे लांब पर तर माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेत, रानातल्या बेटाचे आखूड असतात, आणि एवढा पिसारा घेऊन धारेत उभं राहणं म्हणजे वाऱ्यात उघडी छत्री धरून चालणं.

पण मग फिल्टर बंदच करायचा का, तर अजिबात नाही, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. आपल्या खाचराकडे बघा. खाचरातलं पाणी साचलेलं दिसतं पण ते थांबलेलं नसतं, वरच्या खाचरातून खालच्यात, तिथून पऱ्याला असं हळूहळू सरकतच असतं. आणि बांधाला जिथे तोंड पाडलेलं असतं तिथे दगड किंवा गवत ठेवतात, म्हणजे पडणाऱ्या पाण्याने खड्डा पडत नाही, रोपं उपटत नाहीत. पाणी तेवढंच जातं, फक्त त्याचा जोर मोडतो. टाकीत हेच करायचंय.

बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब जाते, कारण तेवढंच पाणी अरुंद वाटेने काढायचं तर ते जोरात जाणार. उलट वाट रुंद केली की वेग पडतो. म्हणून फिल्टरच्या तोंडाला भोकाभोकांची आडवी नळी, म्हणजे स्प्रे बार, लावायचा आणि भोकं माशाकडे नाही तर मागच्या काचेकडे करायची, धार काचेवर आपटून पसरते. तो नसेल तर तोंडावर जाडसर स्पंजचा तुकडा बसवा, मी हेच केलं, आणि समोर जावा फर्नचं झुडूप दगडाला बांधून ठेवलं. पाण्याचा दाब साधारण वेगाच्या वर्गाने बदलतो, वेग निम्मा झाला तर माशावरचा जोर चौथाई होतो. आमच्याकडे वर टाकलेला कोंड्याचा कण आधी ४ सेकंदात टाकी पार करायचा, नंतर १६ सेकंद लागायला लागले, म्हणजे वेग पाव, जोर सोळावा हिस्सा. ही कोंड्याची चाचणी प्रत्येकाने करावी, पैसे लागत नाहीत. हँग ऑन, म्हणजे टाकीच्या काठावर बाहेरून अडकवायचा फिल्टर असेल तर पाण्याची पातळी त्याच्या तोंडापर्यंत वाढवा, धबधबा उंचावरून पडणार नाही, फक्त पाणी आणि झाकण यांच्यात हवेची जागा ठेवा.

एक मात्र सांगतो, पाणी खेचायची बाजू कधी आवळू नका. पंपाला पाणी कमी पडलं की तो गरम होतो, खराब होतो. तिथे लावायचा तो सैल, मोठ्या छिद्रांचा स्पंज, आणि तो पर आत ओढले जाऊ नयेत म्हणून. आणि हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर असेल, जो खरंतर एवढ्या टाकीला मला सगळ्यात बरा वाटतो, तर नळी चिमटून हवा कमी करण्यापेक्षा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड लावून जास्तीची हवा बाहेर सोडा, पंपावर ताण येत नाही.

बंद का नको, तर माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, विषच ते, आणि स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो आणि तो फिरत्या पाण्यातूनच मिळतो. झाडं अमोनिया थेट खातात म्हणून भरपूर झाडांच्या टाकीत मंद फिल्टर चालतो, पण झाडांनाही थोडी हालचाल हवीच, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा जवळपास दहा हजार पट हळू पसरतो आणि पानाभोवतीचं पाणी जागेवरच राहिलं तर पान उपाशी. वर तेलकट साय धरायला लागली तर समजा फार मंद झालं, थोडं वाढवा.

आणि आपल्याकडे जुलैत लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. बेटा वरून हवा घेतो म्हणून त्याची काळजी तेवढी नाही, जिवाणूंची आहे. बाहेरचा बंद डब्याचा फिल्टर असेल आणि तो तासन् तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं, लाईट आल्यावर ते थेट टाकीत सोडू नका, आधी ओतून टाका आणि स्पंज टाकीतल्याच पाण्यात खंगाळा, क्लोरीनच्या नळाखाली नाही. टाकीतला स्पंज फिल्टर यात पुन्हा सोयीचा, चारी बाजूंनी पाणीच असतं. फक्त हवेचा पंप टाकीच्या पाण्यापेक्षा वर ठेवा किंवा नळीत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व बसवा, नाहीतर लाईट गेली की नळीतून पाणी उलटं येतं आणि पंपात शिरतं.