शाळेची एनडीएलआय क्लब नोंदणी : कागदपत्रं कोणती आणि अर्ज नेमका कुठे अडकतो

आधी एक घोळ मिटवू. केंद्र सरकारच्या मुलांच्या उपयोगाच्या दोन डिजिटल लायब्ररी आहेत आणि शिक्षकांच्या ग्रुपवर दोन्हींच्या लिंका एकाच नावाने फिरतात. एक आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया म्हणजे एनडीएलआय, जी २०१८ मध्ये देशासाठी खुली झाली. दुसरं राष्ट्रीय ई-पुस्तकालय, नॅशनल बुक ट्रस्टचं, मुलांच्या अवांतर वाचनासाठी, त्याचं ॲप वेगळं. एकाचं लॉगिन दुसऱ्यावर टाकून "पासवर्ड चुकीचा दाखवतंय" म्हणणारे दर आठवड्याला कुणीतरी असतातच. इथे सांगतोय ते एनडीएलआय क्लबचं.

आणि हो, खुली पुस्तकं शोधून वाचायला क्लबची गरजच नाही. क्लब लागतो शाळेच्या नावाने व्याख्यान, वाचन स्पर्धा, क्विझ असे कार्यक्रम तिथे नोंदवायला आणि मुलांना ई-प्रमाणपत्र द्यायला. तेवढं नको असेल तर सरळ सर्च उघडा आणि मुलांना वाचू द्या, अर्जाच्या भानगडीत पडूच नका.

क्लब शाळा, कॉलेज अशा संस्थेलाच काढता येतो, एकट्या शिक्षकाला नाही. फी काहीच नाही, त्यामुळे कुणी "नोंदणी करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता अडतं कुठे. पहिली गोष्ट यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक. हा ११ अंकी असतो, महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो आणि गोव्यात ३० ने. पण ऑफिसात विचारलं की क्लार्क बोर्डाचा इंडेक्स नंबर काढून देतात, कारण दहावीच्या फॉर्मांमुळे तोच त्यांना तोंडपाठ असतो, आणि मग फॉर्म पुढेच जात नाही की सगळे म्हणतात सर्व्हर डाऊन आहे. एकाच आवारात प्राथमिक आणि माध्यमिक असेल तर दोन यूडायस नंबर असू शकतात, तेव्हा ज्या शाळेचं लेटरहेड लावणार तिचाच नंबर टाका. शाळेचं नाव यूडायसवर जसं आहे तसंच लिहायचं. शाळेच्या दारावरच्या बोर्डावर "कै. अमुक तमुक विद्यालय" आणि यूडायसवर नुसतं गावाचं नाव, असं खूप ठिकाणी आहे, तिथे बोर्ड विसरा.

दुसरी आणि सगळ्यात चिवट अडचण म्हणजे शाळेचा ईमेल. कागदावर प्रत्येक शाळेला ईमेल असतो, प्रत्यक्षात तो कधीतरी एखाद्या सरांनी स्वतःच्या मोबाईलवर काढलेला असतो, त्या सरांची बदली झालेली असते, आणि ओटीपी जातो त्यांच्याकडे, ते तिकडे वर्गावर, फोन सायलेंट, तोवर ओटीपीची मुदत संपली! म्हणून अर्जाला बसायच्या आधी नवीन ईमेल काढा, रिकव्हरीला मुख्याध्यापकांचा नंबर द्या आणि पासवर्ड चार्ज यादीत लिहून ठेवा. कपाटाच्या किल्ल्यांची नोंद करतो तशी याचीही करायची, यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरं पदाधिकारी. पेट्रन म्हणजे संस्थेचे प्रमुख, शाळेत मुख्याध्यापक. मग प्रेसिडेंट, सेक्रेटरी आणि कार्यकारी सदस्य. सगळीकडे एकाच माणसाचं नाव, एकच ईमेल टाकू नका. तुकडी लहान, शिक्षक तीनच, हे खरं आहे, पण तरी प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल घ्या. लायब्ररीचा चार्ज ज्या मॅडमकडे आहे त्यांनाच सेक्रेटरी करा, कारण पुढचं सगळं काम त्याच करणार आहेत.

संस्थाप्रमुखाच्या सही-शिक्क्याचं पत्र लागतं. साइटवर त्या दिवशी जो नमुना दिसेल तोच वापरा, ग्रुपवर आलेली दुसऱ्या शाळेची जुनी पीडीएफ नको, तिच्यात त्यांचं नाव राहून जातं, हे खरोखर होतं. मुख्याध्यापक प्रभारी असतील तर सहीखाली "प्रभारी" स्पष्ट लिहा. आणि पत्राचा फोटो सावलीत काढलेला, कडेला टेबल आणि चहाचा कप दिसतोय असा नको. गोल शिक्क्यातली अक्षरं वाचता आली पाहिजेत. बाकी फॉर्म दहा मिनिटांचा आहे.

"आज शेवटची तारीख, त्वरित भरा" असा मेसेज येतो तो बहुतेक वेळा एखाद्या कार्यक्रमाच्या नावनोंदणीचा असतो. क्लबची नोंदणी वर्षभर चालू असते, घाईत चुकीचा कोड टाकण्यापेक्षा उद्या भरा. क्लब मंजूर झाला की महाराष्ट्रातल्या शाळेला आयएनएमएचपासून सुरू होणारा नंबर मिळतो, तो जपून ठेवा. कार्यक्रमानंतर फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय ई-प्रमाणपत्र येत नाही, हे मुलांना तिथेच बसवून सांगा, घरी गेल्यावर कुणी भरत नाही.

मुलांच्या लॉगिनचं जरा सांभाळून. १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं स्वतः गुगल खातं काढता येत नाही, म्हणून जन्मसाल खोटं टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर १८ खालचं प्रत्येक जण मूलच धरलंय आणि पालकांची संमती सांगितली आहे. पालक सभेत एका कागदावर सह्या घेऊन ठेवा.

आता एवढं करून मुलं सर्च करतात आणि म्हणतात "सर, पुस्तक उघडतच नाही". बहुतेक पुस्तकं एनडीएलआयकडे साठवलेली नसतात, बऱ्याचदा एनडीएलआय मूळ साइटवर नेऊन सोडते, आणि काही साहित्य फक्त वर्गणी भरलेल्या संस्थांसाठी असतं. म्हणून फिल्टरमध्ये भाषा मराठी आणि प्रवेश खुला असं आधी निवडा. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे आजच्या लेखकाची कादंबरी फुकट मिळेल ही आशा सोडा, जुनं साहित्य मात्र भरपूर आहे. ते देवनागरीत शोधून सापडलं नाही तर रोमन स्पेलिंगने बघा, जुन्या स्कॅन केलेल्या पुस्तकांची नावं कुणीतरी 'आ'ला दोन-दोन 'ए' लावून भरून ठेवलीत. तरीही नाही मिळालं तर मराठी विश्वकोश आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर जा, तिथे यूडायस कुणी विचारत नाही.