पुढच्या ॲक्सलची झीज आणि थकवा

जुन्या ट्रकचं पुढचं चाक जॅकवर उचलायचं, ॲक्सलखाली घोडी लावायची आणि एक हात टायरच्या माथ्यावर, दुसरा तळाशी धरून चाक आत-बाहेर हलवायचं. ‘टक’ असा आवाज आला की कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलाई आहे. मग मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि चाक पुन्हा हलवायचं. आता प्ले नाहीसा झाला, तर दोष हबच्या बेअरिंगचा. तसाच राहिला, तर किंगपिन (चाक ज्या उभ्या खुंटीभोवती वळतं ती) आणि तिच्याभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश झिजलेत. ब्रेक दाबला की ड्रम स्टब ॲक्सलशी, म्हणजे चाक ज्या आखूड दांड्यावर फिरतं त्याच्याशी जखडला जातो आणि बेअरिंगची ढिलाई तेवढ्यापुरती झाकली जाते. दोन मिनिटांची ही तपासणी न करता थेट बेअरिंग बदलणारे पुष्कळ जण असतात.

रचना तशी साधी. मधे घडीव पोलादाची भक्कम तुळई, म्हणजे बीम. तिच्या दोन्ही टोकांना उभं भोक आणि त्यात घट्ट बसवलेला किंगपिन. या पिनभोवती स्टब ॲक्सल वळतो आणि त्यावर चाक फिरतं. प्रत्येक चाकाला वळायला स्वतंत्र खुंटी देण्याची ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी 1817 साली ती घोडागाडीसाठी शोधली आणि 1818 मध्ये रुडॉल्फ ॲकरमन यांनी इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. नाव राहिलं ॲकरमन यांचं.

बुश एकसारखे गोल झिजत नाहीत, आणि याचं कारण मजेशीर आहे. चाक पिनच्या बाहेरच्या बाजूला असतं. रस्ता चाकाला वर रेटतो, त्यामुळे अख्खा स्टब ॲक्सल आत कलंडू पाहतो. समजा, एका चाकावर 3 टन भार आहे आणि चाकाचा मध्य पिनपासून 10 सेंटिमीटर बाहेर आहे. वरचा आणि खालचा बुश एकमेकांपासून 20 सेंटिमीटरवर असतील, तर प्रत्येक बुशवर सुमारे दीड टनाचा आडवा दाब येतो, तोही गाडी नुसती उभी असताना. हा दाब पिनच्या वरच्या टोकाला बाहेरच्या अंगावर पडतो आणि खालच्या टोकाला आतल्या अंगावर. झीजही तिथेच होते. मग चाकाचा माथा आत झुकतो आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. टायर बदलून काही दिवस बरं वाटतं, एवढंच.

अशी झीज पूर्णपणे भरून काढता येते. पिन, बुश, उभा भार पेलणारं खालचं थ्रस्ट बेअरिंग आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, असा संच मिळतो. जुने बुश दाबून काढायचे आणि नवे बसवताना बुशचं भोक ग्रीसच्या छिद्रासमोरच येईल हे बघायचं. ते सरकलं, तर निपलमधून कितीही ग्रीस मारा, पिनपर्यंत पोचत नाही. खरं कौशल्य रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार, मारण्यात आहे. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने, एका रेषेत साफ करावा लागतो. वेगवेगळे केले तर पिन तिरकी अडकते, स्टेअरिंग जड होतं आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही. शेवटी उभा प्ले शिमने भरायचा आणि पिन तिच्या कॉटरने, म्हणजे पाचरीने, बीममध्ये पक्की करायची.

बीम आणि स्टब ॲक्सल यांचं प्रकरण मात्र वेगळं. तिथे झिजेपेक्षा धातूच्या थकव्याची भीती जास्त.

8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षानुवर्षं चाललेला ॲक्सल नेहमीच्याच भाराखाली असा अचानक का मोडावा? पुढे जर्मन रेल्वे अभियंता आउगुस्ट व्योलर यांनी अनेक वर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात जो भार पोलाद सहज पेलतं, तोच भार लाखो वेळा आला-गेला तर ते तुटू शकतं. एखाद्या ओरखड्यापाशी बारीक चीर सुरू होते आणि हळूहळू सरकत जाते. उरलेला भाग अपुरा पडला की भाग एकदम तुटतो. तुटलेल्या तोंडावर दोन पोत दिसतात : चीर सावकाश वाढली तो गुळगुळीत, लाटांसारख्या रेषांचा भाग आणि शेवटी तुटला तो खरखरीत भाग. रेल्वेचा ॲक्सल फिरतो, त्यामुळे त्यातला ताण दर फेऱ्याला उलटतो. ट्रकचा पुढचा बीम फिरत नाही, पण प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक ब्रेक मिळून त्याच्या थकव्याचा हिशेब वाढवतच असतात.

ब्रेकचा वाटा किती असतो? 3 टन भाराच्या चाकाला जोरात ब्रेक लागला आणि रस्त्याने 1.8 टनाचा विरोध केला, तर अर्धा मीटर त्रिज्येच्या चाकामुळे सुमारे 9,000 न्यूटन-मीटरचा पीळ तयार होतो. इंजिनाचा स्वतःचा टॉर्क यापुढे किरकोळच. हा पीळ बीमच्या टोकापासून स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत जातो. म्हणूनच पाट्यांच्या मधे बीमचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असतो, कारण तो वाकण्याला उत्तम तोंड देतो, आणि पाट्यांच्या बाहेर तो गोलसर होत जातो, कारण गोल छेद पीळ चांगला सोसतो. चिरा शोधायच्या त्या छेद बदलतो तिथे, पाट्याच्या बैठकीच्या कडेला आणि स्टब ॲक्सलच्या मुळाशी, जिथे आतलं बेअरिंग टेकतं. डोळ्यांवर भरवसा नको. भाग चुंबकित करून वर लोखंडाची बारीक भुकटी टाकली, की चिरेपाशी चुंबकीय रेषा बाहेर सांडतात आणि भुकटी तिथेच रेघ धरून बसते.

चीर सापडली तर तो भाग भंगारात. वेल्डिंग करून वापरू नये. बीमच्या पोलादाला पाणी देऊन, टेंपर करून ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीशेजारची ही घडण बिघडते आणि नवी चीर सुरू व्हायला आयती जागा मिळते. वाकलेला बीम गॅसच्या ज्योतीने लाल करून सरळ करणं हाही तसलाच उद्योग. बीम डोळ्यांना सरळ दिसतो, पण तिथलं पोलाद मऊ पडलेलं असतं. किरकोळ वाक थंड स्थितीत प्रेसवर काढता येतो, तोही बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत आणि नंतर चिरा तपासूनच. दोन्ही चाकांना एकत्र वळवणारा टाय रॉड वाकला असेल तर तो ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडूच नये, सरळ बदलावा.

बीम उतरवला असेल तर तो पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घ्यावेत, कारण एकदा ताणून आवळलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढीच पकड देईल याची खात्री नसते. ते ढिले राहिले, तर सगळा आडवा भार पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो, गाडी एकीकडे ओढते आणि टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळवून ठेवण्याचं माप) कितीही जुळवला तरी ती ओढ जात नाही. अशा वेळी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावं. फरक निघाला, तर अलाइनमेंटच्या आधी पाटे उतरवायला लागतील.