उपाशीपोटी नॉर्मल, दुपारी २४०

आमवातासाठी, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू आहे आणि उपाशीपोटीची साखर ९५ आली म्हणून घरात सगळे निर्धास्त. असं पुष्कळ ठिकाणी होतं. पण ही तपासणीच चुकीच्या वेळेची आहे.

गोळी घेतात सकाळी, नाश्त्यानंतर. साखरेवरचा तिचा जोर चढतो चार ते आठ तासांनी, म्हणजे ऐन दुपारच्या जेवणाच्या सुमारास. यकृत जादा साखर रक्तात सोडतं, स्नायू ती उचलायला कुरकुरतात आणि स्वादुपिंडाचं इन्शुलिनही पुरं पडत नाही. रात्री हा असर ओसरतो. त्यामुळे सकाळी ९५ असलेल्या माणसाची साखर त्याच दुपारी २४० भरू शकते. तपासायची तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. गोळी सुरू होऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील तर एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) पुरेसं वाढलेलं नसतं, आणि आमवातात अ‍ॅनिमिया नेहमीचाच, त्यानेही तो आकडा फसवा होतो.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, तेव्हा जखडलेली माणसं काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये नोबेलही मिळालं. तो आराम इतका खरा असतो की गोळी सोडवत नाही. म्हणून मेथोट्रेक्सेटसारखी मूळ आजारावरची औषधं वेळेत सुरू व्हायला हवीत. त्यांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, मग स्टेरॉइड उतरवता येतं. साखरेच्या भीतीने ते स्वतःहून एकदम बंद करणं मात्र घातक. बरेच दिवस गोळी घेतल्यावर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलची, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइडची, निर्मिती मंदावलेली असते.

इन्शुलिन लागलंच तर बहुधा सकाळी गोळीबरोबर एनपीएच हे मध्यम काळ टिकणारं इन्शुलिन देतात, कारण दोघांचा चढ-उतार साधारण जुळतो. रात्रीचं दीर्घकाळ टिकणारं इन्शुलिन वाढवत नेलं तर पहाटे साखर घसरून घाम फुटू शकतो. स्टेरॉइडचा डोस कमी झाला की मधुमेहाच्या औषधाचाही हिशेब तेव्हाच बदलावा लागतो; दोन डॉक्टर वेगवेगळे असतील तर नेमकं हेच राहून जातं.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे, तेव्हा अशी पुडी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आणि सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलंत तर पुढचे काही दिवस ग्लुकोमीटर हाताशी असू द्या.