गियर अडतो कुठे? क्लच कव्हरच्या आडची यंत्रणा

नाशिकच्या सीबीएसच्या सिग्नलला गाडी उभी, गियर दुसऱ्यात अडकलेला, आणि चवडा-टाच कितीही मारा, न्यूट्रलचा हिरवा दिवा काही लागत नाही. मागच्या रिक्षाचा हॉर्न सुरू होतो तो वेगळाच. आठवडाभर असं झालं की माणूस गॅरेज गाठतो आणि तिथे ऐकायला मिळतं, ‘गियर बॉक्सचं काम निघालंय, इंजिन खोलावं लागेल.’ कधी ते खरंही असतं. पण गियर बदलण्याच्या बऱ्याच तक्रारी गियरच्या दातांपर्यंत पोचतच नाहीत. दोष असतो क्लचमध्ये, तेलात, नाहीतर क्लच कव्हरच्या आड बसलेल्या चार-पाच लहान भागांत. तिथवर इंजिनचे दोन भाग वेगळे न करता जाता येतं, आणि थोडा पान्याचा हात असेल तर घरच्या अंगणातही जाता येतं.

मोटरसायकलच्या गियरची चाकं एकमेकांपासून कधीच सुटत नाहीत. सगळ्या जोड्या कायम दातात दात घालून फिरत असतात. मात्र प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टवर नुसतं मोकळं फिरतं. त्याच्या शेजारी एक सरकणारं चाक असतं आणि त्याच्या अंगावर जाड ठोकळ्यासारखे उंचवटे असतात. त्यांना डॉग म्हणतात. हे डॉग सरकून मोकळ्या चाकाच्या खाचांत घुसले की ते चाक शाफ्टला बांधलं जातं. गियर ‘लागतो’ तो असा. चाक सरकवतो फोर्क, म्हणजे काट्यासारखा दुफळी भाग, आणि फोर्कची खुंटी असते गियर ड्रम नावाच्या नळकांड्याच्या नागमोडी खाचेत. ड्रम फिरला की खाच खुंटीला डावीउजवीकडे ढकलते. लहान गाड्यांत असे दोन किंवा तीन फोर्क असतात.

ड्रम एका वेळी एकच घर पुढे जावा, ही खरी गंमत आहे. लिव्हर दाबला की गियर शाफ्टच्या, म्हणजे लिव्हर ज्यावर बसतो त्या दांड्याच्या, टोकाची आकडेदार पट्टी ड्रमच्या तोंडावरची एक खुंटी पकडून ढकलते. पाय काढला की लिव्हर मधोमध परत येतो आणि पट्टी पुढची खुंटी धरायला तयार होते. काही गाड्यांत पट्टीऐवजी स्प्रिंगवरच्या खिट्ट्या असतात, काम तेच. पायाने चालणारी, दर ठोक्याला मध्यावर परतणारी ही रचना ब्रिटनच्या व्हेलोसेट कंपनीत हॅरॉल्ड विलिस यांनी १९२८च्या सुमारास बसवली. त्याआधी बहुतेक गाड्यांत गियर बदलायला टाकीशेजारचा दांडा हाताने ओढावा लागे.

ड्रमला जागेवर धरून ठेवणारा भाग मात्र सगळ्यांत दुर्लक्षित. ड्रमच्या टोकाला चांदणीसारखी एक चकती असते, स्टार प्लेट. तिच्या कडेवर स्टॉपर आर्मची छोटी लोखंडी रोलर स्प्रिंगच्या जोरावर दाबून बसलेली असते. ड्रम फिरू लागला की रोलर चांदणीच्या टोकावर चढते, स्प्रिंग ताणली जाते, आणि टोक ओलांडताच रोलर पुढच्या खळग्यात आपोआप घसरते. पायाला जाणवणारा ‘टक’ हा बहुतेक या रोलरचाच. म्हणजे अर्धा गियर तुम्ही बदलता आणि उरलेला अर्धा ही स्प्रिंग बदलते. स्प्रिंग थकली, रोलर घासून एका बाजूने चपटी झाली की ड्रम दोन घरांच्या मध्ये लटकतो. चालत्या गाडीत तोच फॉल्स न्यूट्रल. एक खाली आणि बाकीचे वर अशा पाच गियरच्या बऱ्याच गाड्यांत एका ठोक्याला ड्रम ६० अंश फिरतो आणि न्यूट्रलचा उथळ खळगा मध्येच ३० अंशांवर असतो. म्हणून तिथे पाय हलकाच उचलावा लागतो. सगळे गियर पुढे दाबून लागणाऱ्या चार गियरच्या गाडीत न्यूट्रल एका टोकाला असतो, त्यामुळे तो चटकन सापडतो.

पाना हातात घेण्याआधी लिव्हरलाच बोलतं करावं. गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद. एका हाताने मागचं चाक फिरवत दुसऱ्या हाताने लिव्हर दाबत सगळे गियर वर आणि खाली घ्या. चाक फिरवणं महत्त्वाचं, कारण चाक थांबलेलं असलं की डॉगसमोर खाच न येता दुसऱ्या डॉगचं डोकं येऊ शकतं आणि धडधाकट गाडीतही गियर अडतो. सिग्नलला अडलेला गियरही पुष्कळदा एवढ्याचसाठी अडलेला असतो. गाडी वीतभर मागेपुढे केली किंवा क्लच जरा सोडून पुन्हा दाबला की तो लागतो. तिथे लिव्हरवर उभं राहून लाथा घालणारे लोक फोर्क वाकवून घेतात.

इंजिन बंद असताना सगळे गियर सुरळीत लागतात आणि चालू केलं की अडतात, तर गियरची यंत्रणा निर्दोष आहे. क्लच पूर्ण सुटत नाहीये. डबल स्टँडवरच इंजिन चालू करून क्लच दाबा, पहिला गियर टाका. मागचं चाक थोडं रेंगाळत फिरलं तर चालतं, पण ब्रेकला हलका पाय लावताच ते थांबायला हवं. ते थांबेना किंवा इंजिन गुदमरायला लागलं तर क्लच ड्रॅग आहे. हात चेनपासून लांब ठेवा. आधी केबल बघावी: लिव्हरच्या टोकाशी ढिलाई साधारण १० ते २० मिलिमीटर असावी. तेवढी करूनही फरक पडला नाही तर वाकलेल्या स्टीलच्या प्लेटा किंवा क्लच बास्केटच्या (प्लेटा धरणाऱ्या टोपलीच्या) बोटांवर पडलेले घाव शोधायचे. प्लेटांचे कान त्या घावांत अडकतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा सकाळचा पहिला गियर ‘खट्ट’ करून लागतो तोही क्लच पूर्ण न सुटल्यानेच, पण तो बिघाड नव्हे. थंडीने घट्ट झालेलं तेल प्लेटांना एकमेकींना चिकटवतं. क्लच दाबून, इग्निशन बंद ठेवून चार-पाच किका मारल्या की त्या सुटतात.

इंजिन बंद असतानाही त्रास असेल तर लक्षणं वेगळी वाचावी लागतात. लिव्हर दाबल्या जागी लटकतो, परत येत नाही: रिटर्न स्प्रिंग तुटली आहे, किंवा पडल्यामुळे शाफ्ट वाकून घासतोय. वरचे गियर लागतात, खालचे नाहीत (किंवा उलटं): रिटर्न स्प्रिंगच्या दोन पायांमधली खुंटी ढिली झाली आहे. ही खुंटी म्हणजे इंजिनच्या अंगात आट्यांनी बसवलेला एक बोल्ट. तो अर्धा आटा जरी बाहेर आला तरी लिव्हरचा मध्य सरकतो आणि पट्टीचा आकडा ड्रमच्या एका बाजूच्या खुंटीपर्यंत पोचत नाही. आख्खी गियर पेटी बदलायला निघालेल्या गाड्या या एका बोल्टवर बऱ्या होतात. लिव्हर नुसताच फिरतो, आत टक वाजत नाही: आधी बाहेरच लिव्हरची आरी, म्हणजे शाफ्टला पकडणारे बारीक दाते, बघा. तिथला ६ मिलिमीटरचा बोल्ट पूर्ण आवळून फट मिटली तरी लिव्हर सरकत असेल, तर लिव्हर बदलावा. तो शाफ्टला वेल्डिंग करून देणारेही भेटतात. नको. त्या उष्णतेने मागचं ऑईल सील जळतं आणि शाफ्ट पुन्हा कधी काढता येत नाही.

एका लक्षणापाशी मात्र थांबायचं. नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या चढाला डबल सीट असताना दुसरा गियर ताणाखाली सटकत असेल, तर दोष डॉगमध्ये असण्याची शक्यता जास्त. डॉगच्या बाजू किंचित आतल्या तिरक्या घडवलेल्या असतात, त्यामुळे जोर पडला की दोन्ही चाकं एकमेकांना आत ओढतात. कोपरे गोल झाले की तोच जोर त्यांना बाहेर ढकलू लागतो. फोर्क झिजला तरी असंच होतं, आणि सतत लिव्हरवर पाय टेकवून चालवण्याच्या सवयीने फोर्क झिजतो. यासाठी इंजिनचे दोन भाग वेगळे करावे लागतात, बेअरिंग आणि शिम (पातळ चकत्या) सांभाळावे लागतात. ते काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावं.

बाकीच्या दुरुस्त्यांसाठी सामान असं: टी-पाने, बॉक्स पान्यांचा सेट, क्लच सेंटरच्या नटाचा सॉकेट (बऱ्याच गाड्यांत चार खाचांचा नट असतो, त्याला खास सॉकेट लागतो), सर्कलिप पक्कड, प्लास्टिकची हातोडी, नवं पॅकिंग, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) आणि तेल. गियर शाफ्टचं ऑईल सीलही आणून ठेवा. जुन्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे कोरलेले असतात, ते दुकानात सांगितले की पुरतं.

इंजिन दोन-तीन मिनिटं गरम करून तेल काढा आणि त्यात चुंबक फिरवा. करडा, मेणासारखा गाळ लागला तर ती नेहमीची झीज. टोकदार तुकडे आले तर डॉग किंवा दात तुटलाय, काम तिथेच थांबवा. स्प्रिंगचा तुकडा आला तर निदान आयतंच झालं. काढलेलं तेल डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. गटारात ओतलं तर ते नासर्डीतून गोदावरीतच जाणार.

फुटरेस्ट, किक, लागल्यास ब्रेक पेडल आणि क्लच केबल सोडवून उजवं, म्हणजे क्लचचं, कव्हर उघडा. बोल्ट कमीजास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी ते खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर अॅल्युमिनियम फोडतो, आखूड बोल्ट लांब जागी गेला तर दोनच आट्यांवर धरतो आणि तेही घेऊन बाहेर येतो. कव्हर सुटेना तर हातोडीने चौफेर हलके ठोके द्या. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसलात तर तिथून जन्मभर तेल गळेल.

क्लचचे स्प्रिंग बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा असे ढिले करायचे. सेंटर नट सोडताना प्रायमरी गियरच्या (इंजिनचा जोर क्लचला देणाऱ्या चाकांच्या) दातांत तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी घाला, स्क्रू ड्रायव्हर घातला की दाताचा कोपरा उडतो. छिन्नी-हातोडीने खाचांचा नट सोडणं ही आपल्याकडची जुनी खोड, आणि पुढच्या वेळी नट न सुटण्याचं कारणही तीच. निघालेल्या प्लेटा त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.

क्लच निघाला की सगळी यंत्रणा हातभर अंतरावर उघडी असते. रिटर्न स्प्रिंगचे दोन्ही पाय खुंटीला दोन बाजूंनी सारखे टेकलेले असावेत. खुंटीला बोटाने हलवून बघा. स्टार प्लेटचा बोल्ट तपासा. स्टॉपर आर्म बोटाने उचलून सोडला की त्याने झटक्यात चांदणीवर आपटायला हवं. आळसावल्यासारखा परत आला तर स्प्रिंग बदला. रोलर नखाने फिरवून बघा. आर्मचा बोल्ट जास्त आवळून आर्मच जाम झालेला असतो, असंही पुष्कळदा सापडतं: बोल्टचा खांदा आर्मच्या भोकात नीट न बसवता आवळला की हमखास होतं.

शाफ्ट ओढण्याआधी डाव्या बाजूचा लिव्हर काढा, तिथली चेनच्या ग्रीसची आणि मातीची पुटं रॉकेलने धुवा आणि आरीवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर आरीचे दात ऑईल सीलची ओठं कापतील. शाफ्टवरचा पातळ वायसर तेलामुळे इंजिनच्या अंगाला चिकटून राहतो आणि मग खाली पडतो. म्हणून खालच्या भोकांत आधीच स्वच्छ फडकं कोंबावं. काढलेला शाफ्ट काचेवर लोळवा. खाली उजेड दिसत-मिटत असेल तर तो वाकलाय. सातपूर-अंबडला लेथवाले पुष्कळ आहेत, पण शाफ्ट सरळ करून घेण्यापेक्षा नवा घालावा. एकदा वाकलेला पोलादी शाफ्ट त्याच जागी पुन्हा वाकायला सोपा असतो.

बसवताना खुंटी, स्टॉपर आर्म आणि स्टार प्लेटच्या बोल्टांचे आटे पेट्रोलने पुसून त्यांना थ्रेडलॉकचा एकेक थेंब लावा. ६ मिलिमीटरच्या अशा बोल्टांना १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतं. टॉर्क पाना नसेल तर १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलो वजनाइतका जोर, म्हणजे जवळपास १० न्यूटन-मीटर. आर्म आवळून झाल्यावर तो मोकळा हलतोय ना, हे बघा. खुंटीच्या मोठ्या बोल्टाचा आणि सेंटर नटाचा आकडा गाडीगणिक बदलतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.

क्लच बसवण्याआधी थांबा. लिव्हर तात्पुरता लावा, मागचं चाक फिरवत सगळे गियर दोनदा वर, दोनदा खाली घ्या आणि प्रत्येक घरी रोलर खळग्याच्या तळाशी बसते का ते डोळ्यांनी बघा. ही पाच मिनिटं वाचवली तर सगळं पुन्हा खोलायची पाळी येते. मग क्लच, नवं पॅकिंग, कव्हर. पॅकिंगवर सिलिकॉन थापू नका, आत निघालेले त्याचे गोळे ऑईलच्या जाळीत जाऊन बसतात.

तेल मोटरसायकलचंच, डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि क्लचच्या प्लेटा त्याच तेलात भिजत असल्याने क्लच घसरू लागतो. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना साधारण पाऊण ते एक लिटर लागतं, नेमका आकडा इंजिनवर कोरलेला किंवा मॅन्युअलमध्ये असतो. इंजिन तीन मिनिटं चालवून, दोन मिनिटं थांबवून पातळी बघा. रात्री इंजिनखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी उजवीकडे डाग दिसला तर पॅकिंग बघा, डावीकडे दिसला तर शाफ्टचं सील.