काळी एकची बासरी यानात नेली तर

सप्टेंबर २०२४मध्ये ‘पोलारिस डॉन’ या खासगी अवकाशमोहिमेवर असताना अंतराळवीर सारा गिलिस यांनी यानात व्हायोलिन वाजवलं. असं काही घडलं की एक शंका हमखास येते: अवकाशात आवाज जात नाही म्हणतात, मग हे वाजलं कसं? निर्वात पोकळी असते ती यानाबाहेर, आत हवा असतेच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तर हवेचा दाब समुद्रसपाटीइतकाच, सुमारे १०१ किलोपास्कल ठेवलेला असतो.

वजन नाहीसं झाल्यानेही सूर बिघडत नाही. छेडलेली तार जागेवर परत येते ती तिच्या ताणामुळे, गुरुत्वाकर्षणामुळे नव्हे. अडचण येईल ती ग्रँड पियानोची, कारण त्यातल्या हातोड्या स्वतःच्या वजनाने खाली परततात.

मला खरी भुरळ घालतो तो १६ डिसेंबर १९६५चा प्रसंग. नासाच्या जेमिनी ६-ए यानातून अंतराळवीर वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी आधी ध्रुवीय कक्षेत काहीतरी विचित्र दिसत असल्याचं गंभीरपणे कळवलं आणि लगेच ‘जिंगल बेल्स’ वाजवायला सुरुवात केली! शिरांच्या हातात बोटाच्या दोन पेरांएवढा, चार भोकांचा माउथ ऑर्गन होता आणि स्टॅफर्ड यांच्याकडे छोट्या घंटा.

आता त्या यानातली हवा बघा. जेमिनीत शुद्ध ऑक्सिजन भरलेला असे, तोही पृथ्वीवरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश दाबाला. अशा हवेत बासरी फुंकली असती तर?

पुष्कळांना वाटतं, हवा विरळ म्हणजे ध्वनीचा वेग कमी. पण तसं होत नाही. ध्वनीचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: दाबलेली हवा किती जोराने उसळून परत येते आणि ती हलवायला किती जड आहे. दाब तिसऱ्या हिश्शावर आणला की उसळी तिसऱ्या हिश्शावर येते आणि घनताही तिसऱ्याच हिश्शावर. गुणोत्तर तेच राहतं, म्हणून तापमान तेच असेल तर वेगही तोच. फरक पडतो तो रेणूच्या वजनाने. हवेचा सरासरी रेणुभार २९, ऑक्सिजनचा ३२. वेग या भाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे २० अंश सेल्सियसला हवेत सेकंदाला ३४३ मीटर जाणारा ध्वनी ऑक्सिजनमध्ये सुमारे ३२६ मीटर जातो.

दोन्ही टोकं उघडी असलेली ३१ सेंटिमीटरची नळी घ्या. टोकांची बारीक दुरुस्ती सोडली तर तिची वारंवारता म्हणजे वेग भागिले लांबीची दुप्पट. हवेत ५५३ हर्ट्‌झ येते, म्हणजे जवळपास काळी एक, पेटीवरच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी. ऑक्सिजनमध्ये ५२६, म्हणजे तिच्या लगेच खालच्या पांढरी एकच्या किंचित वर. नळी तीच, फुंकर तीच, पण सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरला!

शिरांचा माउथ ऑर्गन मात्र उतरला नसता. त्यात पेटीसारखी धातूची पट्टी थरथरते. तिचा सूर तिची लांबी, जाडी आणि लवचिकता ठरवते, भोवतीच्या वायूचा त्यावर परिणाम नगण्य. त्या यानात बासरी आणि माउथ ऑर्गनची जुगलबंदी झाली असती तर दोघे एकमेकांशी बेसूर झाले असते. स्थानकातली हवा आपल्यासारखीच असल्याने २०११मध्ये तिथे बासरी वाजवणाऱ्या अंतराळवीर कॅडी कोलमन यांच्या बासऱ्यांवर ही वेळ आली नाही.

इथे एक सांगायलाच हवं. ‘नासाने सूर्यातून येणारा ओम रेकॉर्ड केला’ असे व्हिडिओ अजून फिरतात. ते खोटे आहेत. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांना एक या संथ गतीने खालीवर होतो. आपल्याला ऐकू येण्यासाठी ती नोंद हजारो पटींनी वेगवान करावी लागते, आणि मग जी घूं ऐकू येते तिच्यात कोणतंही अक्षर नसतं. सूर्य खरोखर कंप पावतो, हे काय कमी विलक्षण आहे?

वाद्य तेच राहिलं तरी वादकाला नव्याने शिकावं लागतं. पाय कशाततरी अडकवले नाहीत तर शरीर तरंगत भलतीकडे जातं. स्थानकात गिटार वाजवणाऱ्या अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड यांचा हात सुरुवातीला पडद्यांवर चुकायचा. दंडाला वजन असतं, हे गृहीत धरूनच वर्षानुवर्षं रियाज झालेला. तिथे हात त्या सवयीने सरकायचा आणि नेमक्या पडद्यावर थांबायचाच नाही.