गोधडीच्या नक्षींची नावे

गोधडीच्या नक्षीला नाव बहुतेक वेळा शिवणारीच्या घरातूनच मिळते. रोज हाताखालून जाणारी वस्तू कापडाच्या तुकड्यांत दिसली, की तेच नाव पडते.

कोल्हापूर भागात गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकोनाच्या आत चौकोन करत मध्यावर यायचे, अशी अनेक वाकळांची शिवण असते. तुकड्यांतला तिरपा चौकोन म्हणजे शंकरपाळी. लाटलेल्या पोळीवर कातण्याने आधी उभ्या आणि मग तिरप्या रेघा मारल्या की ताटात जो आकार पडतो, तोच हा. लुगड्याच्या दातेरी काठाला करवती म्हणतात. अमेरिकेतल्या गोधड्यांतही दातेरी पट्टीचे नाव ‘सॉटूथ’, म्हणजे करवतीचा दातच. करवत दोन्हीकडच्या घरांत होती.

अमेरिकी नावांतले सर्वांत बोलके नाव ‘चर्न डॅश’. ही तिकडची रवी. आपली रवी दोरीने गरगर फिरते. तिकडे उंच लाकडी पिंपात दांडा वरखाली आपटून लोणी काढत. त्या दांड्याच्या टोकाची आडवी-उभी फळी या नक्षीत दिसते : मध्ये चौकोन, चार बाजूंना पट्ट्या, कोपऱ्यांत त्रिकोण. पण हीच नक्षी कुणाला ‘मंकी रेंच’, म्हणजे पाना वाटली, तर कुणाला गोठ्याच्या दाराला पडलेले भोक. यातले एक नाव खरे आणि बाकीची चुकीची, असे मानण्याचे कारण नाही. ज्या घरात जे काम, तिथे ते नाव. ‘लॉग कॅबिन’ ही ओंडक्यांच्या घराची नक्षी. तिच्या मधल्या लाल चौकोनाला चूल मानतात आणि पट्ट्या त्याच्याभोवती बाहेर वाढत जातात, वाकळेच्या धावदोऱ्याच्या अगदी उलट.

पुढे ही नावे छापली गेली. सेंट लुईसच्या ‘लेडीज आर्ट कंपनी’ने 1889 पासून नक्षींचे नमुने विकले, ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने 1928 ते 1961 या काळात ते छापले. गावोगावची नावे त्यामुळे टिकली, तशीच काही नावे सगळीकडे एकसारखीही झाली.

वाकळेची ओळख मात्र तोंडीच राहिली. सासूच्या इरकली लुगड्याशेजारी नातवाच्या झबल्याचा तुकडा येतो, आणि वाकळ उलगडून दाखवताना नक्षीच्या आधी सांगितले जाते ते कापड कुणाचे होते.