फॅमिली कारवरचा टॅक्स: चार मीटरची अट आली कुठून

सध्या जो कोणी घरासाठी गाडी बघतोय त्याला एक्स शोरूम (शोरूमची) आणि ऑन रोड (आरटीओ, इन्शुरन्स धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतची) किमतीतला लाख-दीड लाखाचा फरक लगेच खुपतो, पण त्या एक्स शोरूमच्या पोटातही जीएसटी आधीच बसलेला असतो आणि तोच खरा मोठा आकडा. वर दोन साधारण सारख्याच वाटणाऱ्या गाड्यांत एकीवर १८ टक्के आणि दुसरीवर ४० टक्के. हे कसं झालं त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं सरकारच्या लेखी कार म्हणजे चैनच. गाड्या तरी किती, कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमधे बनणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, कोलकात्याकडची अँबेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. किती बनवायच्या ते लायसनवर ठरायचं, काही वर्षं तर किंमतही सरकारच ठरवायचं, लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे. डिसेंबर १९८३ मधे मारुती ८०० आली, साधारण साडेसत्तेचाळीस हजारांना, आणि नोकरदार माणूसही कारचा विचार करायला लागला. टॅक्सचं धोरण मात्र जुन्याच समजुतीवर चालू राहिलं. ९० च्या दशकाच्या सुरुवातीला कारवर एक्साइज, म्हणजे माल कारखान्यात बनण्यावरचा टॅक्स, ५५ टक्के होती, १९९३ च्या बजेटमधे तेव्हाचे अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी ती ४० वर आणली आणि त्याच वर्षी कार बनवण्यासाठी लागणारं लायसनही गेलं. मग कंपन्या आल्या, १९९८ ला पिंपरीतून टाटांची इंडिका आली, बाजार खुला झाला.

आजच्या भानगडीचं मूळ मात्र २००६ च्या बजेटमधे आहे. तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी छोट्या कारवरची एक्साइज २४ वरून १६ टक्के केली, आणि छोटी कार म्हणजे काय तर लांबी ४००० मिलिमीटरच्या आत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. २००८ मधे तीच १२ टक्के झाली. हेतू चांगला होता, छोट्या गाड्या इथे बनाव्यात, स्वस्त मिळाव्यात, आणि तसं झालंही. पण त्या दिवसापासून आपल्याकडे गाडीचं डिझाइन मेजरटेपने ठरायला लागलं. टाटांनी इंडिगोची डिकी कापून इंडिगो सीएस आणली. स्विफ्टचं पेट्रोल इंजिन १२९८ सीसीचं होतं ते २०१० ला ११९७ वर आलं. डिझायर आधी ४१६० मिलिमीटर लांब होती, २०१२ मधे ३९९५ झाली आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली, म्हणजे गावाला जाताना ज्या दोन मोठ्या बॅगा आरामात मावायच्या त्यातली एक मांडीवर. फोर्डची इकोस्पोर्ट तर ३९९९ मिलिमीटर.

मग २०१३ ला एसयूव्हीवर वेगळा जादा दर आला, त्यात ग्राउंड क्लिअरन्सपण, म्हणजे गाडीचा तळ जमिनीपासून किती वर, मोजायला लागले, १७० मिलिमीटर. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा वाटलं आता तरी सरळ होईल, पण झालं काय, २८ टक्के सगळ्यांना आणि वर सेस म्हणजे जादा टॅक्स, छोट्या पेट्रोलला १ टक्का, मोठ्या एसयूव्हीला सप्टेंबरपासून २२, म्हणजे एकूण ५० टक्के. मुंबईतली जकात त्याच वेळी गेली, पण महाराष्ट्र सरकारने लगेच वन टाइम टॅक्स, म्हणजे आरटीओत एकदाच भरायचा रोड टॅक्स, २ टक्क्यांनी वाढवला आणि पेट्रोल गाडीला ११ ते १३ टक्के झाला. हा टॅक्स जीएसटी धरून आलेल्या किमतीवर लागतो, म्हणजे टॅक्सवर टॅक्स, आणि याचा मला खरंच राग येतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि १८ व ४० असे दोनच दर राहिले, लांबीची आणि सीसीची अट तीच. हिशोब करून बघा. टॅक्सच्या आधी ७ लाखांची पेट्रोल गाडी, चार मीटरच्या आतली असेल तर जीएसटी धरून ८ लाख २६ हजार, आरटीओचे ११ टक्के म्हणजे आणखी साधारण ९१ हजार. तेवढ्याच मूळ किमतीची पण लांब गाडी ९ लाख ८० हजार आणि वर जवळजवळ १ लाख ८ हजार. फरक झाला १ लाख ७१ हजारांचा, कशाचा तर हातभर लांबीचा.

आणि हा फरक कोणाला बसतो, तर ज्यांच्या घरात आई-बाबा, दोन मुलं आणि आजी एकत्र राहतात त्यांना. मारुतीची सात सीटर एर्टिगा चार मीटरपेक्षा लांब आणि १४६२ सीसी, म्हणून ती ४० टक्क्यांत. चार मीटरच्या अटीत बसावी म्हणून रेनोने २०१९ मधे ट्रायबर काढली, ३९९० मिलिमीटरमधे सात सीट, मानलं पाहिजे, पण सातही सीट लावल्या की मागे ८४ लिटर जागा उरते, त्यात एक दप्तर आणि भाजीची पिशवी मावेल. सात माणसं तुळजापूरला निघाली तर सामान टपावर बांधणं आलं, किंवा दोन गाड्या. सरकारने लांबी मोजली, सीसी मोजले, ग्राउंड क्लिअरन्स मोजला, पण गाडीत माणसं किती बसणार हे या दरांत कुठेच धरलं नाही. मला विचाराल तर साधी सात सीटर १८ मधेच हवी.

ईव्हीचं, म्हणजे विजेवरच्या गाड्यांचं, तेवढं वेगळं आहे, तिथे २०१९ च्या ऑगस्टपासून ५ टक्के जीएसटी आहे आणि लांबी कोणी विचारत नाही.